जग बँड, रॅग आणि पुनरुज्जीवनाचा प्रश्न : ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’च्या एका अल्बमची समीक्षा

पाठाची उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर विद्यार्थ्यांना
(१) जग बँड, ब्लूज व रॅग या संज्ञा स्पष्ट करता येतील;
(२) ध्वनिमुद्रिका लोकसंगीत जपते तशी त्याची निवडही करते, हे उदाहरणाने सांगता येईल;
(३) जुन्या संगीताचे पुनरुज्जीवन करणाऱ्या कलाकृतीचे परीक्षण कोणत्या निकषांवर करावे, याचा विचार करता येईल.

१. प्रस्तावना

२०२४ साली बियॉन्से या गायिकेचे ‘टेक्सास होल्ड एम’ हे गाणे जगभर गाजले. त्याच्या सुरुवातीला ऐकू येणारा बँजो रियानन गिडन्स यांनी वाजवलेला आहे. कृष्णवर्णीय गायिकेने ‘कंट्री’ संगीतात काय करायचे, अशी चर्चा त्या वेळी अमेरिकेत झाली. गिडन्स यांच्यासाठी ही चर्चा नवी नव्हती. ज्या बँडमधून त्या पुढे आल्या, त्या ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’चे सारे काम याच प्रश्नाभोवती उभे होते.

२००५ साली स्थापन झालेला हा तंतुवाद्यांचा बँड. १९२० ते १९४० या काळातील जग बँडची गाणी, ब्लूज, रॅग आणि त्याहून जुन्या नृत्यधुना त्याने पुन्हा वाजवायला घेतल्या. त्याचा ‘जेन्युइन नीग्रो जिग’ हा अल्बम २०१० साली प्रसिद्ध झाला आणि त्याला सर्वोत्कृष्ट पारंपरिक लोकसंगीत अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. शीर्षकातील ‘नीग्रो’ हा शब्द आज अनुचित मानला जातो. तो येथे का ठेवला आहे, याचा विचार पुढे येईल.

प्रस्तुत पाठात आपण या अल्बमचे परीक्षण करणार आहोत. अशा संगीताबद्दल बोलताना ‘अगदी जुन्या तबकडीसारखे वाजवतात’ ही सर्वांत मोठी स्तुती समजली जाते. ती अपुरी आहे, असे या पाठाचे प्रतिपादन आहे. तबकडीने काय नोंदवले आणि काय वगळले, हे ज्या वादकाला कळते त्याचेच पुनरुज्जीवन अर्थपूर्ण ठरते.

२. काही संज्ञा

२.१ जग बँड. येथे ‘जग’ म्हणजे अरुंद तोंडाचा, दगडी चिनी मातीचा बुधला. दारू किंवा काकवी ठेवण्यासाठी तो घरोघरी असे. आपल्याकडच्या घटमप्रमाणे तो बोटांनी वाजवत नाहीत. वादक त्याचे तोंड ओठांपासून किंचित दूर धरतो आणि तुतारी फुंकताना ओठ जसे थरथरवतात तसे थरथरवतो. सूर ओठांत तयार होतो. बुधल्यातील हवा त्याला घुमारा देते. ओठ आवळले की सूर चढतो, सैल सोडले की उतरतो. अशा रीतीने बुधला मंद्र सुरांचे वाद्य बनतो आणि ट्यूबासारख्या महागड्या पितळी वाद्याची जागा घेतो.

बँडमधील इतर वाद्येही घरातूनच आलेली असत. कपडे घासण्याच्या पन्हळी पत्र्याच्या फळीवर, म्हणजे वॉशबोर्डवर, शिंप्याची अंगुस्ताने घातलेली बोटे फिरवून ठेका धरत. पालथ्या घातलेल्या टबाला दोरी व काठी लावून, काठी मागेपुढे ओढत तिचा ताण बदलत आणि खर्जातले सूर काढत. कझू या छोट्या नळीत गुणगुणले की तिच्यातील पातळ पडदा थरथरतो आणि आवाज भसाडा, पिपाणीसारखा होतो. यांच्या जोडीला गिटार, बँजो, माउथ ऑर्गन, मँडोलिन आणि कधी फिडल असे. फिडल म्हणजे व्हायोलिनच. लोकसंगीतात त्याला हे नाव आहे.

२.२ ब्लूज. ब्लूजचा सर्वांत परिचित साचा १२ खंडांचा असतो. प्रत्येक खंडात ४ मात्रा धरल्या तर ४८ मात्रांचे एक आवर्तन होते. त्यात तीन ओळी गायल्या जातात. पहिली ओळ दुसऱ्यांदा म्हटली जाते आणि तिसरी ओळ तिला उत्तर देते.

२.३ रॅग. या शब्दाचा आपल्या ‘राग’ या संकल्पनेशी काहीही संबंध नाही. रॅगटाइम ही प्रथम पियानोवर गाजलेली शैली. स्कॉट जॉप्लिन यांचा ‘मेपल लीफ रॅग’ १८९९ सालचा. यात डावा हात टाळी दिल्यासारखा सरळ ठेका धरतो आणि उजव्या हातातली सुरावट टाळीच्या किंचित अलीकडे किंवा पलीकडे पडत राहते. ऐकणाऱ्याचे पाय हलतात ते या ओढाताणीमुळे. गिटार व बँजो वाजवणाऱ्यांनी ही चाल उचलली. त्यांच्या लेखी ‘रॅग’ म्हणजे एकातून दुसऱ्यात घरंगळत जाणाऱ्या स्वरसंघातांची, फिरून मुळाशी येणारी एक आटोपशीर साखळी. ब्लूजपेक्षा ती हलकी, खेळकर वाटते.

३. पूर्वपीठिका : लुइव्हिल ते मेंफिस

जग बँडची सुरुवात विसाव्या शतकाच्या आरंभी केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे झाली. नदीबंदर आणि घोड्यांच्या शर्यती यांमुळे रस्त्यावर वाजवणाऱ्यांना तेथे श्रोता मिळत असे. जगचा आवाज तबकडीवर प्रथम १९२४ साली आला. पुढे अर्ल मॅकडॉनल्ड व क्लिफर्ड हेज यांच्या ‘डिक्सिलँड जग ब्लोअर्स’ने १९२६ च्या डिसेंबरमध्ये शिकागोत ध्वनिमुद्रण केले. त्यात जॉनी डॉड्स यांच्यासारखा नामवंत जॅझ क्लॅरिनेटवादकही होता. जग बँड म्हणजे अडाण्यांचा गोंगाट, ही समजूत या एका गोष्टीवरूनच दूर व्हावी.

लुइव्हिलच्या तबकड्या ऐकून टेनेसीतील मेंफिसमध्ये विल शेड यांनी ‘मेंफिस जग बँड’ उभा केला. या बँडने १९२७ च्या फेब्रुवारीत व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर यांच्या देखरेखीखाली पहिले ध्वनिमुद्रण केले आणि १९३४ पर्यंत ८० च्या आसपास बाजू ध्वनिमुद्रित केल्या. त्याच शहरातील गस कॅनन गळ्यात अडकवलेल्या पट्ट्यावर डबा बसवून तो जगसारखा फुंकत आणि त्याच वेळी दोन्ही हातांनी बँजो वाजवत. त्यांच्या ‘कॅनन्स जग स्टॉम्पर्स’ने १९२८ ते १९३० या काळात ध्वनिमुद्रण केले. पुढे महामंदी आली, तबकड्यांचा खप कोसळला आणि हे दालन जवळजवळ बंद झाले.

४. तबकडीने काय जपले, काय वगळले

आज आपण हे संगीत ऐकू शकतो ते तबकड्यांमुळे. पण तबकडी ही निःपक्ष साक्षीदार नसते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या १० इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण ३ मिनिटे मावत. नाचासाठी वाजवली जाणारी जी धून प्रत्यक्षात अर्धा तास चाले, ती तीन मिनिटांची ‘वस्तू’ झाली. भारतातही १९०२ पासून ध्वनिमुद्रण सुरू झाले तेव्हा गायकांना ख्याल तेवढ्याच वेळात बसवावा लागला. त्यामुळे हा मुद्दा आपल्याला अपरिचित नाही.

दुसरी निवड अधिक गंभीर होती. अमेरिकन कंपन्यांनी १९२० च्या दशकात बाजाराचे दोन भाग पाडले. कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ आणि ग्रामीण गोऱ्या ग्राहकांसाठी ‘हिलबिली’. पहिल्या कप्प्यात ब्लूज हवे होते, दुसऱ्यात फिडल आणि बँजो. दक्षिणेतील खेड्यांत मात्र कृष्णवर्णीय फिडलवादक व बँजोवादक पिढ्यान्‌पिढ्या नाचाला साथ करत आले होते. बँजोचे मूळच पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या भोपळ्याच्या वाद्यांत आहे. तरी या वादकांकडून कंपन्यांनी मागितले ते बहुतेक ब्लूजच, आणि त्यांच्या फिडलची परंपरा फारच थोडी नोंदली गेली.

एक उदाहरण बोलके आहे. हॉवर्ड आर्मस्ट्राँग यांच्या कृष्णवर्णीय तंतुवाद्य बँडने १९३० साली टेनेसीतील नॉक्सव्हिल येथे एक तबकडी केली. तीच तबकडी कृष्णवर्णीयांच्या यादीत ‘टेनेसी चॉकलेट ड्रॉप्स’ या नावाने आणि गोऱ्यांच्या यादीत ‘टेनेसी ट्रिओ’ या नावाने विकली गेली. संगीत एकच होते. लेबलवरचे नाव बदलले की वाजवणाऱ्याचा वंश श्रोत्याच्या कल्पनेत बदलत होता. आपल्या बँडने २००५ साली या ‘चॉकलेट ड्रॉप्स’चे नाव स्मरणपूर्वक उचलले, यामागचे कारण येथे कळते.

५. १९६० च्या दशकातील पुनरुज्जीवन

जग बँडचे हे काही पहिले पुनरुज्जीवन नव्हते. हॅरी स्मिथ यांनी १९५२ साली संकलित केलेल्या जुन्या तबकड्यांच्या संचात मेंफिसचे दोन्ही बँड होते. सॅम्युएल चार्टर्स यांचे ग्रामीण ब्लूजवरील पुस्तक व त्याला जोडून निघालेला संच १९५९ सालचा. यांतून शहरी, सुशिक्षित, बहुतांशी गोऱ्या तरुणांपर्यंत हे संगीत पोहोचले. १९६३ साली बॉस्टन परिसरात ‘जिम क्वेस्किन जग बँड’ स्थापन झाला. १९६४ साली न्यूयॉर्कच्या ‘ईव्हन डझन जग बँड’चा एकमेव अल्बम आला. कॅलिफोर्नियातील अशाच एका जग बँडमधून पुढे ‘ग्रेटफुल डेड’ हा रॉक बँड घडला.

या मंडळींना नुसते नकलाकार म्हणणे अन्यायाचे होईल. क्वेस्किन यांच्या बँडमधील फ्रिट्झ रिचमंड यांचे जगवादन खरोखर सुरेल होते. ‘ईव्हन डझन’मधील जोशुआ रिफ्किन यांनी १९७० साली जॉप्लिनचे पियानो रॅग अभिजात संगीताच्या गांभीर्याने ध्वनिमुद्रित केले आणि रॅगकडे पाहण्याची दृष्टीच बदलली.

पण या पुनरुज्जीवनाची एक मर्यादा होती. त्याचा गुरू मुख्यतः तबकडी हाच होता. गस कॅनन यांचे ‘वॉक राइट इन’ हे १९२९ सालचे गाणे ‘रूफटॉप सिंगर्स’ या गोऱ्या त्रयीने १९६३ च्या आरंभी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेले. त्या वेळी कॅनन मेंफिसमध्ये हयात होते. घर उबदार ठेवण्याचा खर्च भागवण्यासाठी त्यांनी आपला बँजो गहाण टाकला होता. गाणे गाजल्यावर मेंफिसच्याच स्टॅक्स कंपनीने त्यांचा एक अल्बम काढला, ही त्यातली चांगली बाजू. तरीही चित्र विसरता येत नाही. गाणे जिवंत झाले होते आणि गाणाऱ्याचे वाद्य सावकाराकडे होते. पुनरुज्जीवनाचे मूल्यमापन करताना ‘कशाचे पुनरुज्जीवन?’ याच्या जोडीला ‘कोणाचे?’ हा प्रश्न विचारावा लागतो तो यासाठी.

६. ‘चॉकलेट ड्रॉप्स’ : गुरू आणि तबकडी

२००५ च्या एप्रिलमध्ये उत्तर कॅरोलायनातील बून या गावी कृष्णवर्णीय बँजोवादनावर एक मेळावा भरला. तेथे रियानन गिडन्स, डॉम फ्लेमन्स व जस्टिन रॉबिन्सन हे तिघे भेटले. त्यानंतर ते त्याच राज्यातील मेबन येथे जो थॉम्पसन या वृद्ध फिडलवादकाकडे नियमाने जाऊ लागले. १९१८ साली जन्मलेले थॉम्पसन घरच्या परंपरेत वाढले होते आणि शेजारपाजारच्या नाचांना वाजवत आले होते. कंपन्यांनी जी परंपरा फारशी नोंदवली नव्हती, ती त्यांच्या हातात शिल्लक होती.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. थॉम्पसन फिडलवादक होते, जगवादक नव्हते. म्हणजे जग बँडच्या गाण्यांसाठी या तिघांनाही तबकडीकडेच वळावे लागले. मग १९६० च्या पिढीपेक्षा त्यांचे वेगळेपण काय? वेगळेपण हातात आहे. थॉम्पसन यांच्याकडे ते नाचाची लय शिकले. बँजोने चाल ठरवावी आणि फिडलने तिच्यावर स्वार व्हावे. धून तीन मिनिटांनी संपते म्हणून नव्हे, तर नाचणारे थकले म्हणून थांबावी. हा संस्कार घेऊन ते तबकड्यांकडे गेले. त्यामुळे तबकडी त्यांच्यासाठी पाठ करण्याचा ग्रंथ राहिली नाही, एका मोठ्या व्यवहाराचा हाती लागलेला तुकडा ठरली.

७. ‘जेन्युइन नीग्रो जिग’चे परीक्षण

जो हेन्री यांची निर्मिती असलेल्या या अल्बममध्ये १२ रचना आहेत. आपण तिहींकडे बारकाईने पाहू.

७.१ ‘युअर बेबी एन्ट स्वीट लाइक माइन’. हे गाणे पापा चार्ली जॅक्सन यांनी १९२६ साली ध्वनिमुद्रित केले. माझी प्रेयसी तुमच्या प्रेयसीपेक्षा सरस, अशी बढाई मारणाऱ्या पुरुषाचे हे गाणे रॅगच्या वळणाच्या साखळीवर चालते. जॅक्सन ते एकट्याने, सहा तारांच्या बँजोवर गातात. त्यांच्या तबकडीत जग नाही, कझू नाही. बँडने ही दोन्ही वाद्ये घातली आणि एकट्या फिरत्या गायकाचे गाणे जग बँडचे करून टाकले. ‘मुळासारखे’ हा निकष लावला तर ही चूक ठरेल. कानांनी निकाल द्यायचा तर हाच अल्बममधला सर्वांत मोकळा क्षण आहे. फ्लेमन्स यांच्या गाण्यातली बढाई खाली हुंकारणाऱ्या बुधल्यामुळे आणखी फुगते आणि कझूच्या भसाड्या उत्तराने तिची हवाही निघून जाते. बढाई आणि तिची खिल्ली एकाच वेळी ऐकू येतात. जुन्या जग बँडचे मर्म हेच होते, आणि ते येथे एका वेगळ्या तबकडीतून गाठले आहे.

७.२ ‘हिट एम अप स्टाइल’. या गाण्याचे मूळ २००१ सालचे, ब्लू कँट्रेल यांचे आर अँड बी शैलीतील. दगा देणाऱ्या पुरुषाचे पैसे उधळून बाई त्याचा सूड घेते, असा त्याचा विषय आहे. बँडने ते फिडल, बँजो आणि तोंडाने काढलेल्या ठेक्यावर बसवले. हा केवळ गमतीचा प्रयोग नाही. अल्बममध्ये त्याच्या आधी ‘युअर बेबी’ येते आणि थोड्या अंतराने ‘व्हाय डोन्ट यू डू राइट?’ येते. कॅन्सस जो मॅकॉय यांची ही रचना लिल ग्रीन यांनी १९४१ साली गायली; त्यातली बाई पुरुषाला पैसे घेऊन येण्यास बजावते. तिन्ही गाणी ओळीने ऐका. १९२६ मधला पुरुष मिरवतो, १९४१ मधली बाई हिशेब मागते, २००१ मधली बाई हिशेब चुकता करते. प्रेम आणि पैसा यांचे हे भांडण ७५ वर्षे अखंड चालले आहे आणि वाद्ये बदलली तरी सूर ओळखीचा राहिला आहे. परंपरा अखंड असल्याचे व्याख्यान न देता बँडने ते गाण्यांच्या क्रमातून दाखवले. समीक्षकाने अल्बम ही एक रचना म्हणून वाचावी लागते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

७.३ ‘स्नोडन्स जिग’. अल्बमचे शीर्षक या धुनेवरून आले. डॅन एमेट हा ओहायो राज्यातला गोरा कलावंत. तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या ‘मिन्स्ट्रेल’ खेळांच्या जनकांपैकी तो एक. त्याचा ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ हा संच १८४३ सालचा. ‘जेन्युइन नीग्रो जिग’ या नावाची धून त्याच्या कागदपत्रांत आहे. त्याच परिसरात स्नोडन नावाचे कृष्णवर्णीय वादक कुटुंब राहत होते. धून त्यांच्याकडून आली असावी, असे मानून बँडने तिला त्यांचे नाव दिले आणि जुने नाव कंसात ठेवले.

नाव बदलणे ही येथे समीक्षाच आहे. ‘अस्सल नीग्रो’ हे विकणाऱ्याने लावलेले लेबल. ‘स्नोडन’ हे माणसांचे नाव. अल्बमच्या मुखपृष्ठावर मात्र लेबलच ठेवले आहे, म्हणजे श्रोत्याला ते टोचेल आणि तो आत जाऊन नाव शोधेल. वादनही त्याला साजेसे आहे. फिडल, हाडांच्या चिपळ्या आणि पायांचा ठेका एवढ्यावर ही धून चालते. तिच्यात जिगची उडी कमी आणि घेरत जाणारी पुनरावृत्ती अधिक आहे. मिन्स्ट्रेल रंगमंचावरच्या हशाचा येथे मागमूस नाही. हसण्यासाठी उचललेली धून गंभीरपणे परत केली आहे.

८. विनोद आणि मुखवटा

येथे सर्वांत अवघड प्रश्न येतो. जग, कझू, वॉशबोर्ड ही वाद्ये हसू आणतात. पण अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसाच्या हसण्याला आणि हसवण्याला मिन्स्ट्रेल खेळांचा इतिहास चिकटलेला आहे. गोऱ्या तरुणांनी जग फुंकला तर ती मौज ठरते. कृष्णवर्णीय वादकाने फुंकला तर त्यामागे काळे फासलेल्या तोंडाची आठवण उभी राहू शकते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक कृष्णवर्णीय तरुण बँजोपासून दूर राहिले, त्यामागे ही आठवणही होती.

बँडने या प्रश्नाला बगल दिली नाही. हास्य टाळून अल्बम आदरणीय पण निर्जीव करणे सोपे होते. त्याऐवजी हास्याची मालकी त्यांनी बदलली. ‘युअर बेबी’मध्ये हसण्याचा विषय आहे बढाईखोरपणा, वंश नव्हे. हसू प्रेक्षकाला खूश करण्यासाठी केलेले नाही. ते वादकांचे एकमेकांतले आहे. जुन्या मेंफिसच्या तबकड्या पुन्हा ऐकल्या तर तेथेही हेच आढळते. वादक मध्येच एकमेकांना हाका मारतात, डिवचतात. बाहेरच्या श्रोत्याला तो विदूषकीपणा वाटला, पण ती मुळात सहकाऱ्यांची आपसातली थट्टा होती. नवे वादन ऐकून जुनी तबकडी नव्याने ऐकू येणे, हे चांगल्या पुनरुज्जीवनाचे एक लक्षण म्हणता येईल.

९. अल्बमच्या मर्यादा

स्तुतीबरोबर उणिवाही नोंदवल्या पाहिजेत. पहिली उणीव शेवटाची. अखेरच्या दोन रचनांपैकी ‘रेनाडीन’ हे ब्रिटिश बेटांवरून आलेले कथागीत गिडन्स साथीशिवाय गातात. ‘ट्रॅम्पल्ड रोझ’ हे टॉम वेट्स यांच्या गाण्याचे रूप आहे. गिडन्स यांचे शिक्षण ऑपेरा गायनाचे आहे आणि आवाज अत्यंत तयार आहे. दोन्ही रचना स्वतंत्रपणे सुंदर आहेत. पण त्यांच्यामुळे तिघांच्या बरोबरीवर उभा असलेला अल्बम शेवटी एका गायिकेच्या मैफिलीकडे झुकतो. पुढे तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. रॉबिन्सन २०११ मध्ये आणि फ्लेमन्स २०१३ च्या अखेरीस बाहेर पडले. त्याची चाहूल या शेवटात लागते, असे मागे वळून पाहताना वाटते.

दुसरी उणीव लांबीची. थॉम्पसन यांच्याकडून नाचाची लय शिकलेला हा बँड अल्बमवर मात्र पुन्हा तीन-चार मिनिटांच्या चौकटीत बसतो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची सक्ती आता राहिलेली नव्हती. एखादी तरी धून दमेपर्यंत वाजवली असती, तर तबकडीने वगळलेली गोष्ट श्रोत्याला प्रत्यक्ष ऐकता आली असती. तबकडीशी भांडणारा बँडही तिच्या सवयीतून पूर्ण सुटलेला नाही.

१०. सारांश

१. जग बँड ही घरगुती वस्तूंमधून उभी राहिलेली, पण सांगीतिकदृष्ट्या कुशल अशी कृष्णवर्णीय शहरी परंपरा आहे. तिच्यात ब्लूज आणि रॅग हे दोन्ही प्रवाह मिळतात.

२. ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या बाजारपेठीय विभागणीमुळे कृष्णवर्णीयांच्या फिडल-बँजो परंपरेची नोंद अपुरी राहिली. म्हणून केवळ तबकडीवर आधारलेले पुनरुज्जीवन त्या विभागणीचीच पुनरावृत्ती करू शकते.

३. ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ने हयात गुरूकडून मिळालेला संस्कार तबकडीच्या वाचनाला जोडला. गाण्यात वाद्ये वाढवणे, गाण्यांचा क्रम लावणे आणि धुनेचे नाव बदलणे या तीन कृतींतून त्यांनी जुन्या संगीतावर भाष्य केले.

४. पुनरुज्जीवनाचा निकष ‘किती हुबेहूब’ एवढाच धरू नये. त्याने मुळाबद्दलची आपली समज वाढवली का आणि ज्यांचे संगीत आहे त्यांचे नाव परत दिले का, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

गस कॅनन यांचा गहाण पडलेला बँजो येथे पुन्हा आठवावा. गाणे वाचवणे आणि गाणाऱ्याला विसरणे या गोष्टी एकाच वेळी घडू शकतात. ‘स्नोडन्स जिग’ या दोन शब्दांत त्यावरचे एक लहानसे उत्तर आहे. आपल्या प्रदेशातील एखाद्या जुन्या गाण्याचे नवे रूप ऐकताना श्रेयनामावलीत ‘पारंपरिक’ एवढाच शब्द दिसला, तर त्या शब्दामागे कोणती माणसे असतील, हे शोधण्याची सवय विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी.

स्वाध्याय

१. जग या वाद्यात सूर कसा निर्माण होतो? घटम व तुतारी यांच्याशी तुलना करून लिहा.

२. ‘टेनेसी चॉकलेट ड्रॉप्स’ व ‘टेनेसी ट्रिओ’ या दोन नावांच्या उदाहरणावरून ध्वनिमुद्रण उद्योगाच्या निवडप्रक्रियेविषयी काय कळते?

३. ‘पुनरुज्जीवन ही एक प्रकारची समीक्षाच असते.’ प्रस्तुत अल्बमच्या आधारे या विधानाची चर्चा करा.

४. पापा चार्ली जॅक्सन यांची १९२६ सालची तबकडी आणि ‘चॉकलेट ड्रॉप्स’चे २०१० सालचे रूप लागोपाठ ऐका. वाद्ये, लय व विनोद या तीन अंगांनी त्यांतील साम्यभेद नोंदवा.

५. आपल्या मातृभाषेतील एखाद्या लोकगीताचे नव्या पिढीने केलेले रूप निवडा. सारांशातील मुद्दा ४ मधील निकष लावून त्याचे सुमारे ५०० शब्दांत परीक्षण करा.